मावंद्याचा मासा

समुद्र नागपुरात आणला तो माझ्या भाऊजींनी, पण वाहून आणला मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण कौतुक झालं त्यांचं आणि कंबर धरली माझी.

मी देवराव. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होतो. माझी थोरली बहीण शोभाताई. तिचे यजमान मधुकरराव, म्हणजे आमचे भाऊजी, एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एकदा ते विद्यार्थ्यांची सहल घेऊन रामेश्वराकडे मंडपमला गेले, गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी रंगीत मासे पाहिले, आणि तिथून परत आले ते कामातून गेलेलेच. प्रताप नगरात नवं घर बांधलं तेव्हा पुढच्या खोलीत, जिथे चार माणसं सोफा ठेवतात, तिथे यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली. टाकी काही फार मोठी नव्हती, लग्नातल्या ट्रंकेएवढी असेल. तरी ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या सोफ्याची जागा माशांनी खाल्ली."

गोड्या पाण्यातले मासे कोणीही पाळतो. खाऱ्या पाण्यातल्यांना समुद्र लागतो, आणि तो नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी लवकर भेटत नाही. सुरुवातीला मुंबईहून येणारे ओळखीचे गार्ड कॅनमध्ये पाणी भरून आणायचे आणि मी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून प्रताप नगरपर्यंत रेटायचो. वाटेत कोणी विचारलं, "रॉकेल मिळालं का जी?" तर मी सांगायचो, समुद्र मिळाला. पुढे भाऊजी मीठ आणि प्रयोगशाळेतल्या कसल्याकसल्या पुड्या मिसळून घरीच पाणी तयार करायला शिकले तेव्हा माझी सुटका झाली. मासे मात्र मद्रासहून जी.टी. एक्सप्रेसनेच यायचे, फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये, आणि ते उतरवून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात राहिलं.

आता भाऊजींचा स्वभाव सांगतो. घरात गरीब गाय. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवतील. पण टाकीत कोण राहणार आणि कोण नाही, या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. टाकी जितकी लहान तितका मालक कडक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "समुद्रात दोघांचं पटलं नाही, तर एक जण निघून जाते," ते मला सांगायचे. "इथं तो कुठं जाईल, देवराव? चारी बाजूंनी काच."

एकदा मद्रासच्या व्यापाऱ्याने भेट म्हणून एक जास्तीचा मासा पाठवला. एवढासा, अंगठ्याएवढा, पण निळा असा की पाहत राहावं. मी हरखून घरी नेला. भाऊजींनी त्याला बादलीत ठेवलं, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "नाही चालणार."

"काहून? किती लहान आहे तो!"

"लहान आहे, पण एकदा कोपरा धरून बसला का दुसऱ्याले जवळ फिरकू देत नाही. माझे जोकर दिवसभर दबून राहतील."

जोकर म्हणजे त्यांचे दोन लाडके मासे, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. एक मोठी मादी आणि तिच्या मागे मागे फिरणारा लहान नर. त्यांच्या जोडीला वाळू उपसून उपसून चाळणारा एक भुरका मासा आणि शंखात घर करून राहणारा एक खेकडा. एवढाच संसार. या चौघांचं एकमेकांशी जमतं की नाही हे पाहण्यात भाऊजींनी वर्षं घालवली होती. माझा निळा मासा त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन सोडला. त्यांच्या प्राचार्यांनी एकदा झालरीसारखे पर असलेला एक देखणा मासा मोठ्या हौसेने आणून दिला, तर भाऊजींनी तोही तोंडावर परत केला. "सर, हा माझ्या दोन्ही जोकरांना गिळून टाकेल." प्राचार्य कितीतरी दिवस रुसून होते. भाऊजींना त्याचं काहीच वाटलं नाही.

टाकीपुढे त्यांच्या खुर्चीशेजारी एक पाट असायचा. तो लतिकाचा. लतिका म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी, माझी भाची. परकर नेसायची तेव्हापासून ती त्या पाटावर बसून बापाबरोबर मासे न्याहाळायची. नवीन मासा आला की बादलीत ठेवून दोघं त्याच्याकडे पाहत बसायचे. खातो काय, झोपतो कुठे, वाढून केवढा होईल, अंगावर कोणी आलं तर पळतो की वळून चावतो. भाऊजी शेवटी विचारायचे, "काय वं लतिका, घ्यायचा का?" आणि ती "नाही" म्हणाली की विषय संपला. पोरगी बोलायला शिकली ती बहुतेक "नाही" म्हणतच, असं मी तिला चिडवायचो. पुढे तिने प्राणिशास्त्रातच एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात.

मग तिचं लग्न ठरलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून बोलतो, की मासा निवडताना आठवडाभर बादली न्याहाळणाऱ्या माणसाने जावई मात्र एका बैठकीत निवडला. तसं स्थळ वाईट नव्हतं. लकडगंजात चंपतरावांची सागवानाची वखार होती, केशव हा त्यांचा मुलगा. पोरगा निर्व्यसनी, कामाचा, फक्त वडिलांपुढे ब्र काढत नसे. चंपतराव स्वतः धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे. बैठकीत भाऊजींनी एकच गोष्ट काढली. मुलगी शिकलेली आहे, नोकरी मिळाली तर करू द्यावी. चंपतराव मांडीवर थाप मारून हसले. "करू द्या ना जी! आमच्या घरी तिले कोन अडवते?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. बैठकीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तोच लतिकाला नागपूरजवळच्या खाप्याच्या कॉलेजातून नेमणूक आली. चौऱ्याऐंशी सालच्या थंडीतली ही गोष्ट. जानेवारी संपायच्या आत हजर व्हायचं होतं. तिने घरी सांगितलं तेव्हा चंपतराव आपल्या यात्रेच्या गडबडीत होते. काशीचं गंगाजल घेऊन ते रामेश्वराला निघाले होते. बॅग भरता भरता हसून म्हणाले, "खाप्याले रोज एसटीनं? इथं काय कमी पडून राहिलं, सूनबाई?" बोलले आणि विसरून गेले. पण त्या घरात ते जे सहज बोलत, तेही लोक हुकूम म्हणूनच झेलत. सासू गप्प झाली. केशव म्हणाला, बाबांचा मूड पाहून सांगतो. तो मूड त्याने आजवर कधी पाहिला होता, देव जाणे.

तेव्हा लतिका बापाकडे आली. मीही तिथेच होतो. नेहमीप्रमाणे पाटावर बसली, जोकरांना चिमटीने खाणं टाकलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी. भांडू नका. बैठकीत काय ठरलं होतं, एवढी आठवण फक्त द्या. ते 'नाही' नाही म्हणणार."

"बोलतो ना," भाऊजी म्हणाले. "ते येऊ दे यात्रेहून."

"महिनाअखेर हजर व्हायचं आहे मले."

"आल्या आल्या त्यांच्याकडे मावंदं आहे. तिथंच विषय काढतो. माणूस तीर्थाहून आला का मन मोठं असते त्याचं."

मी मध्येच बोललो, "मी बोलू का भाऊजी? मामा आहे मी तिचा."

ताई माझ्यावर खेकसली, "तू चूप राह्य! हे व्याह्याव्याह्यांनी बोलायचं असते. तू बोलशीन आणि पोरीले तिथं राहणं मुश्किल करून ठेवशीन."

लतिका मात्र निश्चिंत होऊन गेली. बापाने बोलतो म्हटलं होतं. प्राचार्यांना तोंडावर नाही म्हणणारा बाप.

यात्रा पुरी करून आलेला माणूस सगेसोयऱ्यांना बोलावून पंगत घालतो, तीर्थाचा प्रसाद वाटतो, त्याला मावंदं म्हणतात. चंपतरावांनी मावंदंही आपल्या आवाजाला शोभेल एवढं मोठं केलं. वखारीच्या आवारात सागाचे ओंडके बाजूला सरकवून मांडव घातला होता. पुरणपोळ्यांचा वास आणि ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास एकमेकांत मिसळले होते. येईल त्याच्या हातावर चंपतराव रामेश्वराची चिमूटभर वाळू आणि प्रसाद ठेवत होते. लतिका पंगतीत वाढत होती. येता जाता बापाकडे पाहायची. तिला वाटत होतं, आता बोलतील, मग बोलतील.

भाऊजींची पाळी आली तेव्हा चंपतराव ओरडले, "थांबा! आमच्या प्रोफेसरसाहेबांचा परसाद वेगळा हाये." आणि आतून दोन्ही हातांनी एक प्लास्टिकचा कॅन घेऊन आले. त्याचं तोंड कापून मोठं केलं होतं आणि वरून मलमलीचा कपडा बांधला होता. "कोळ्याच्या जाळ्यातून जित्ता काढून घेतला, जी. सोबत घागरभर समुद्राचं पानी. रामेश्वराहून मद्रास, मद्रासहून नागपूर. गाडीत मी सोता हातानं पानी हलवून राहिलो होतो, झोपलोच नाही. आमची मंडळी म्हने, खुळे झाले का? म्हनलं, आमच्या प्रोफेसर इवायाले याचा शौक हाये."

पंगतीत कुजबुज झाली. मावंद्यात मासा? चंपतरावांनी तीही ऐकली. "खायाचा नाही रे बाबा, पाह्याचा हाये!" सगळे हसले.

मीही वाकून पाहिलं. मासा तीन बोटांएवढा होता आणि सुंदर होता, हे कबूल करायला पाहिजे. अंगावर कुणीतरी ब्रशने फटकारे मारावेत तसे तपकिरी-निळे पट्टे. डोळे वरच्या बाजूला, आणि प्रत्येक डोळा आपापला फिरणारा. तोंड लहानसं, पण आत दात होते. भाऊजींचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं. बादलीतल्या माझ्या निळ्या माशाकडे पाहून झाला होता तसाच तो झाला होता, फक्त त्याहून वाईट.

लतिका हातात तुपाचं भांडं घेऊन पंगतीच्या टोकाला थांबली. तिनेही मासा ओळखला होता. तिने पुस्तकात वाचला होता, बापाच्या तोंडून त्याचं नाव कितीदा ऐकलं होतं. कवच फोडून खेकडा खाणारा, आपल्याहून मोठ्यालाही चावा घेणारा मासा. ती बापाकडे पाहत राहिली.

"वा," भाऊजी म्हणाले. "फारच छान. फारच कष्ट घेतले तुम्ही."

लतिका तूप वाढायला पुढे गेली.

परत येताना ऑटोत भाऊजी कॅन मांडीवर धरून बसले होते. मी विचारलं, "हा टाकीत चालेल?"

"नाही."

"मग द्यायचा ना परत! प्राचार्यांना दिला तसा."

"प्राचार्यांच्या घरी माझी मुलगी नाही दिली मी," ते म्हणाले. "मुलीचा सासरा तीर्थाहून वस्तू आणते, चार लोकांत हातात देते, आणि मी म्हणू, नको? तिलेच ऐकावं लागेल उद्या."

"बरं. आणि नोकरीचं काय झालं?"

त्यांनी कॅनवरचा मलमलीचा कपडा घट्ट केला. मग म्हणाले, "त्यांनी एवढ्या मायेनं मासा दिला. त्याच तोंडानं लगेच काही मागू कसं, तूच सांग. थोडे दिवस जाऊ दे."

आमच्याकडे मुलीच्या बापाला जो आजार असतो, तो हाच. त्याला लग्नाच्या दिवसापासून बोलताना जीभ जड होते. समोरचा माणूस दुष्ट असावाच लागत नाही. तो चांगला असला तर उलट आजार वाढतो.

घरी आल्यावर भाऊजींनी टाकीत मधोमध काचेचं एक तावदान उभं करून दोन भाग केले. एकीकडे जुने चौघे, दुसरीकडे रामेश्वराचा पाहुणा. टाकी आधीच लहान, त्यात अर्धी झाली. जोकर मादी काचेजवळ येऊन पाहायची आणि पाहुणा पलीकडून काचेवर तोंड आपटायचा. "मोठी टाकी करून घ्यावी लागेल," भाऊजी पुटपुटायचे, आणि मी म्हणायचो, घ्या करून, ताईच्या पलंगाची जागा आहे अजून.

पुढच्या रविवारी चंपतराव आपला मासा पाहायला आले. सोबत केशव आणि लतिका. भाऊजींनी सकाळपासून मनाशी तयारी केली होती. मला हळूच म्हणाले, "आज बोलतो. नक्की बोलतो." म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

चंपतराव टाकीपुढे जाऊन उभे राहिले. "अरे वा! मोठा झाला काय जी हा?" मग त्यांना काच दिसली. "हे काय? मधात भिंत कायची?"

"नवीन आहे तो," भाऊजी म्हणाले. "ओळख व्हायची आहे."

"अहो, रामेश्वराहून आलेला पाव्हना, आन तुम्ही त्याले वेगळी पंगत मांडून दिली?" चंपतराव खो खो हसले. त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. एखाद्याच्या पाठीत मायेने धपका घालावा तसं ते बोलले. पण वेगळी पंगत म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा उतरला. व्याह्यांच्या माणसाला वेगळं बसवलं, असा अर्थ त्यांच्या कानांनी घेतला.

"नाही नाही," ते घाईघाईने म्हणाले. "आजच काढणार होतो." आणि शर्टाची बाही वर करून त्यांनी पाण्यात हात घातला.

"बाबा," लतिका म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण मी तिच्याकडे पाहिलं, आणि ताईनेही पाहिलं. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. "लहान आहे तो अजून," ते म्हणाले, "काही करत नाही." आणि काच उपसून बाहेर काढली. तिच्यावरून पाणी निथळून फरशीवर सांडलं. चंपतरावांनी टाळ्या वाजवल्या.

लतिका स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो. ती ओट्याशी उभी राहून चहाचे कप धूत होती, आधीच धुतलेले. मी म्हटलं, "मी सांगतो त्यांना, नोकरीचंही आणि माशाचंही." ती म्हणाली, "नको मामा." रडली नाही की रागावली नाही. जाताना बापाच्या पाया पडली, येते म्हणाली आणि गेली. त्या दिवशी नोकरीचा विषय कोणीच काढला नाही. मला वाटलं, पोरीने अजून थोडी वाट पाहायचं ठरवलं आहे.

पाहुणा दोन दिवस सज्जनासारखा वागला. तिसऱ्या दिवशी खेकड्याचा शंख रिकामा सापडला. मग वाळू चाळणाऱ्या माशाची शेपटी गेली आणि मागोमाग तोही गेला. भाऊजींनी धावत काच परत घातली तेव्हा जोकर नराचे पर कुरतडलेले होते. तो एका अंगावर पडून श्वास घेत होता आणि मादी त्याच्याभोवती फिरत होती. आधी तो मेला. तिला जखम दिसत नव्हती, पण तिने खाणं सोडलं, आणि एका सकाळी तीही तरंगताना सापडली. भाऊजींनी दोघांना अंगणात संत्र्याच्या झाडाखाली पुरलं. एवढी वर्षं सांभाळलेले जीव. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गंमत म्हणजे त्या पाहुण्यावर रागावता येत नव्हतं. भाऊजी जवळ गेले की तो काचेशी यायचा, डोळे फिरवून त्यांच्याकडे पाहायचा, हातून खायचा. "याचा काय दोष आहे," भाऊजी म्हणायचे. "मी त्याले आत घेतलं."

मी रोज डोकं खायचो, लकडगंजला चला, महिना संपत आला. ते म्हणायचे, जाऊ, सोमवारी जाऊ. सोमवारी म्हणायचे, आता कोणतं तोंड घेऊन जाऊ, मासे मेले ते विचारतील. मासे मेल्याची लाज त्यांनाच वाटत होती, बोला. जानेवारी असाच निघून गेला.

फेब्रुवारीत लतिका माहेरपणाला आली. आल्या दिवशी तिने टाकीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिला न्यायला चंपतराव स्वतः जीप घेऊन आले. दारातूनच टाकीकडे गेले. "हा एकटाच? बाकीचे कुठी गेले जी?"

भाऊजी म्हणाले, "पाणी थोडं बिघडलं होतं..."

आणि इथे शोभाताईचा बांध फुटला. इतके दिवस ती गप्प होती. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "पाणी नाही बिघडलं. तुमच्या माशानं खाल्ले. यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं तो खाईल म्हणून. तुम्हाला 'नाही' म्हणवलं नाही यांच्याच्यानं."

चंपतराव खुर्चीत बसले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक झालेला ऐकला. "माहीत होतं? मंग बोलले काहून नाही, प्रोफेसरसाहेब? मले काय समजते मासोयीतलं? मी तं लाकडं ओळखतो. एक शबूद बोलले असते तं तिथंच्या तिथं कॅन उचलला असता. मी काय खाल्लं असतं तुमाले?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी एवढ्या हौसेनं आनला, आन माह्याच हातून हे पाप झालं."

त्यांचं हे बोलणं ऐकून भाऊजींना धीर आला. मला वाटतं, समोरचा माणूस आपल्याला खाणार नाही, हे त्यांना त्या क्षणी उमगलं. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि जे महिनाभर आधी बोलायचं होतं ते बोलले. "एक गोष्ट आहे. लतिकाच्या नोकरीचं. बैठकीत आपलं ठरलं होतं का..."

"तेच तं मी म्हनतो!" चंपतराव म्हणाले. "मावंद्यापासून मी वाट पाहून राहिलो होतो का तुम्ही आता बोलते, मंग बोलते. मी यात्रेच्या घाईत काहीतरी हसून बोललो, घरात सगळे चूप झाले. नंतर मंडळीनं मले सांगतलं. म्हनलं, पोरीचा बाप बोलला का हो म्हनून टाकू, मान राहते त्याचा. तुम्ही आले, जेवले, मासा घेऊन गेले. इथं आलो, तुम्ही काच काढली, चहा झाला, तरी काही नाही. आन मंग सूनबाईच म्हने, मी खाप्याले नाही म्हनून कळवून टाकलं. मले वाटलं, बापलेकीनं ठरवलं असंन."

लतिका चहा घेऊन दारात उभी होती. भाऊजी तिच्याकडे वळले. "तू कळवून टाकलं?"

"हो."

"केव्हा?"

"आपण सगळे इथं आलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अगं, पण महिना संपायले वेळ होता," भाऊजी म्हणाले. "मी बोलणार होतो. तुले सांगितलं होतं ना मी, बोलतो म्हणून. थांबली काहून नाही तू?"

लतिकाने ट्रे टेबलावर ठेवला. आधी सासऱ्यांना कप दिला, मग बापाला. "मले वाटलं होतं, बाबा," ती म्हणाली, "माशांसाठी तरी बोलाल तुम्ही."

दूध उतू गेलं हे सांगावं, तशा आवाजात ती बोलली. चंपतराव गोंधळून एकदा तिच्याकडे आणि एकदा भाऊजींकडे पाहू लागले. भाऊजींना मात्र बरोबर कळलं. त्यांनी चहा न पिताच कप परत ट्रेमध्ये ठेवला.

चंपतरावांनी मग बरीच सारवासारव केली. खाप्याला मी स्वतः जातो, प्राचार्यांना भेटतो, म्हणाले. लतिका म्हणाली, तिथे दुसरी मुलगी कामावर आली. मग ते म्हणाले, पुढच्या साली दुसरीकडे जागा निघेल, तेव्हा मी स्वतः जीपने पोचवून देईन. तो माणूस खरं बोलत होता. पुढे जागा निघाल्याही. त्यांनीच वर्तमानपत्रातल्या जाहिराती दाखवल्या. लतिकाने एकाही ठिकाणी अर्ज केला नाही. विचारलं की म्हणायची, आता सवय राहिली नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी निघताना भाऊजी फाटकापर्यंत तिच्या मागे गेले. मी आणि ताई व्हरांड्यात उभे होतो. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "चुकलं माझं, लतिका."

"असू द्या, बाबा," ती म्हणाली.

मला वाटत होतं, तिने भांडावं. ओरडून बोलावं, त्यांचा हात झटकावा, आजूबाजूच्या चार घरांनी ऐकलं तरी चालेल. ती भांडली असती तर भाऊजी सुटले असते, आणि कदाचित तीही सुटली असती. पण तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला, ताईला हात हलवून निरोप दिला आणि जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसली.